पहिल्यापासून

काकांना बोलताना कुणी मध्ये थांबवलं, तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. जिथे थांबले तिथून पुढे जाणं त्यांना जमतच नसे. "मंग मी स्टोअरला गेलो," इथवर गोष्ट आलेली असे, तेवढ्यात चहावाल्या मावशी दारातून विचारत, "बिनसाखरेचा कोणाचा?" काका हात वर करत, ग्लास घेत, एक घोट पीत आणि माझ्याकडे वळून म्हणत, "तर बाय, सकाली मी घरातनं निगालो." स्टोअरपर्यंत यायला पुन्हा दहा मिनिटं. सुरुवातीला मला वाटायचं, ते विसरतात. ते काहीच विसरत नसत. दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट शब्दाला शब्द तशीच असे, वाटेत भेटलेल्या माणसाच्या शर्टाच्या रंगासकट.

मी त्यांच्या हाताखाली जेमतेम वर्ष काढलं. तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणारी ती कंपनी. स्टोअरच्या वर एक लांबट खोली होती, तिला सगळे मेलची खोली म्हणत. तिथे एका लोखंडी कपाटात कंपनीचा मेल सर्व्हर होता, लिनक्सवर चालणारं एक जुनं जाड मशीन. प्लांटची, स्टोअरची, हेड ऑफिसची, सगळी पत्रं त्याच्यातून जात. खोलीत दोन टेबलं. दाराजवळचं माझं, कपाटाजवळचं काकांचं.

पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हटलं. ते म्हणाले, "सर शालेत असतात. हितं सगले काका म्हनतात." तेव्हापासून काका. ते मला बाय म्हणत. त्यांच्याकडे मुलींना तसंच म्हणतात. ते माहीमचे. "मुंबईचं नाय, केलव्याच्या बाजूचं," हे वाक्य ते प्रत्येक वेळी जोडत. मी पालघरची, मला ते दुसरं माहीम आठवण्याचं काही कारणच नव्हतं, तरी मलाही ते सांगितलं जाई.

सकाळी आल्यावर खुर्चीत बसण्याआधी ते कपाटाचं दार उघडून मशीनवर तळवा ठेवत आणि डोळे मिटून पंख्याचा आवाज ऐकत. मग स्क्रीन पाहत. स्क्रीनवर एक यादी कायम चालू असे: या घडीला कोणता प्रोग्राम प्रोसेसर किती वापरतो आहे, त्याची. सगळ्यात जास्त वापरणारा सगळ्यात वर. काका तिला "जेवनाची पंगत" म्हणत. मशीन मंद झालं की त्यांचा एकच प्रश्न असे. "कोन खातंय?"

महिन्यातून एकदा ते खोडरबर घेऊन बसत. आमच्या भागात हवेतच असं काहीतरी आहे की मशीनमधल्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडतात. काका त्या बाहेर काढून शाळेतल्या पोरासारख्या एकाग्रतेने खोडत. ते मूळचे आयटीआय झालेले, प्लांटमध्ये गेज आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करणारे. लिनक्स त्यांनी झेरॉक्स केलेल्या पानांवरून शिकून घेतलं होतं. ती पानं खणात होती, प्रत्येकावर पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहिलेला. मी इंजिनिअरिंग केलेली, इंग्रजी शाळेतली. मला त्या पानांवरचं इंग्रजी समजे आणि त्यांचं पेन्सिलीतलं मराठी वाचताना अडखळायला होई. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, पण त्यांना ठाऊक असावं, कारण वही मलाच वाचायला देत.

ही वही म्हणजे खोलीतली खरी मोठी वस्तू. लांब, जाड पुठ्ठ्याची. तिच्यात चार रकाने. काय दिसलं. कोण खात होतं. कुणामुळे. सही. सर्व्हरला काहीही झालं की कारण सापडल्यावर ज्याच्यामुळे झालं त्याने स्वतःच्या हाताने ओळ भरायची, हा काकांचा नियम. साहेब असो की शिपाई. स्टोअरच्या क्लार्कने गणपतीला गावी जाताना "मी रजेवर आहे" असं आपोआप उत्तर जाण्याची सोय लावली होती. एका वाहतूकवाल्याकडेही तशीच सोय होती. एकाचं उत्तर दुसऱ्याला गेलं, त्याचं उत्तर परत आलं, आणि दोघं रजेवर असताना त्यांची मशिनं पाच दिवस एकमेकांना उत्तरं देत बसली. काकांनी क्लार्कला वर बोलावलं. तो म्हणाला, "काका, मी तर गावी होतो हो. माझा काय संबंध?"

"तू नवतास, तुझं नाव हुतं ना?" काका म्हणाले. "लिव."

त्याने लिहिलं. डायरेक्टरांचीही एक ओळ आहे, मुलीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ सगळ्या कंपनीला पाठवल्याबद्दल. खाली त्यांची झोकदार सही.

मी पहिली नोंद इंग्रजीत केली होती. काकांनी ती दोनदा वाचली. "मराटीत लिव. ह्याच्यात मानूस कुटं दिसतच नाय."

मशीन बंद करून पुन्हा चालू करणं त्यांना मुळीच खपत नसे. बाकी सगळीकडे पहिला उपाय तोच असतो आणि तो बहुतेकदा लागूही पडतो. काका म्हणत, "रिस्टार्ट मारनं म्हंजे वास आला म्हनून नाक धरनं. वास जातो, पन गलती कुटं हाय ते बगनार कोन?"

वास आणि गळती हे शब्द त्यांच्या बोलण्यात सारखे येत, याला कारण होतं. कपाटाच्या वर भिंतीला एक करडी घंटा होती, भंगारात निघालेल्या कुठल्याशा पॅनलची. प्लांटच्या आत मोबाइल न्यायची परवानगी नसते, ठिणगीची भीती. आतला इंटरकॉम महिन्यातले निम्मे दिवस मुका. पण कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटर असतो. तिथे पॅनलवर बसणाऱ्या माणसाला कसला वास आला, कुठे काही ठिबकताना दिसलं, तर त्याने शिफ्ट इन्चार्जला दोन शब्दांची मेल टाकायची. काकांनी एक प्रोग्राम लिहिला होता. तो दर मिनिटाला मेल तपासून पॅनलवरून आलेल्या मेलमध्ये ठरावीक शब्द शोधे आणि सापडला की घंटा वाजवे. ती वाजली की काका स्वतः प्लांटकडे धावत किंवा कुणाला तरी पाठवत. शब्दांची यादी काकांनी वर्षानुवर्षं वाढवत नेली होती. वास, बास, बदबू, घाण, गळती, टपक रहा, आँख जल रहा. प्लांटमध्ये जितक्या मुलखांची माणसं तितके शब्द.

माझ्यासमोर ती घंटा पहिल्या आठ महिन्यांत तीनदा वाजली. दोनदा किरकोळ गळती होती. एकदा पॅनलवरच्या कुणीतरी कॅन्टीनला मेल केली होती की डाळीला वास येतोय. काका तरीही खाली गेले, डाळीचा वास घेतला आणि वहीत नोंद करून घेतली. आचाऱ्याने अंगठ्याएवढी सही केली.

ही घंटा का बसवली, ती गोष्ट काकांनी मला निदान सहा-सात वेळा सांगितली, आणि एकदाही पूर्ण झाली नाही. "तवा मेल नवीन हुती. दुपार हुती. परचेसवाल्यानी सतरा फोटो एकाच मेलला लावलंले. ती रांगेत फुडं, तिच्या मागं बाकीच्या. आनि तवाच पॅनलवरनं मेल आली, वास येतोय म्हनून..." इथे फोन वाजे. किंवा मावशी येत. किंवा लल्लनजी येत. काका थांबत, आणि मग पुन्हा, "तवा मेल नवीन हुती." पहिला अर्धा भाग मला पाठ झाला होता. पुढचा विचारावा असं कधी सुचलं नाही. मी स्वतःहून फारसं विचारत नसे.

लल्लनजी म्हणजे पॅनलवरचे जुने ऑपरेटर. उत्तर प्रदेशातले, पण बोईसरला इतकी वर्षं झालेली की मराठी वर्तमानपत्र वाचत. त्यांचा आवाज बसलेला होता, कायमचा. दुपारच्या सुट्टीत ते वर येत आणि काका डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी अर्धी डब्याच्या झाकणात काढून त्यांना देत.

"तुम्हारा मछली खा खा के मेरा धरम गया," लल्लनजी घोगऱ्या आवाजात म्हणत.

"धरम गेला तर गेला, झाकन परत दे," काका म्हणत.

दर गुरुवारी हेड ऑफिसचे आयटी मॅनेजर येत. पस्तिशीचे, हसतमुख, माझ्याशी इंग्रजीत बोलत. मला ते सोपं जाई आणि म्हणूनच थोडी भीतीही वाटे. मी कामाला लागल्यावर दुसऱ्याच गुरुवारी त्यांनी मला जिन्यात थांबवलं. मेल बाहेरच्या भाड्याच्या सेवेवर न्यायचा त्यांचा विचार होता. वरच्यांना कारण हवं होतं. "स्क्रीन लाल दिसली की फोटो पाठव," ते म्हणाले. "पुन्हा एकदा मोठा बिघाड झाला की मी हे बंद करू शकतो. काकांची काळजी करू नकोस, वापीच्या गोदामात जागा आहे."

काकांना निवृत्तीला तीन वर्षं होती. वापीला त्यांचं कुणी नव्हतं. मी मान हलवली. मी प्रोबेशनवर होते. दोन वेळा फोटो पाठवलाही, साध्या दिवसाचा, ज्यात काही लाल नव्हतं. पण पाठवला. त्याच खोलीत काका माझ्याकडे पाठ करून पट्ट्या खोडत होते.

त्यानंतर काही महिन्यांनी मॅनेजरांनी हेड ऑफिसची कित्येक वर्षांची जुनी मेल आमच्या सर्व्हरवर आणून टाकायला सुरुवात केली. पुढे सगळं एकदम बाहेर हलवायला सोपं पडावं म्हणून. काका फक्त म्हणाले, "बोटीत पानी भरतात काय हे?" आणि शनिवारपासून पाच दिवस रजेवर गेले. गावची जत्रा. वर्षातून तेवढीच एक रजा ते घेत आणि त्या दिवसांत फोन घरी ठेवत.

मंगळवारी सकाळी मी आले तर पंख्याचा आवाज जिन्यातच ऐकू आला. कपाटावर हात ठेवला, तो चटका बसेल इतका गरम. आमच्या मशीनचा प्रोसेसर म्हणजे चार खिडक्यांचं पोस्ट, चार कामं एका वेळी. स्क्रीनवर रांगेत साठच्या वर दिसत होती. मेल पोचायला तासभर लागत होता, डिस्पॅचवाले दर पाच मिनिटांनी फोन करत होते. मॅनेजरांचाही आला. "कोण खातंय?" हा त्यांचा प्रश्न नव्हता. ते म्हणाले, "फोटो पाठव, आणि रिस्टार्ट कर."

मी म्हटलं, "पाच मिनिटं बघते, सर."

आधी व्हायरस तपासणाऱ्या प्रोग्रामवर संशय होता, तो निर्दोष निघाला. कुणाचा पासवर्ड चोरून बाहेरून कचरा पाठवला जात असेल, तेही नव्हतं. पंगतीत वरच्या साठ ओळींना एकच नाव होतं. एकाच प्रोग्रामच्या साठ प्रती, सगळ्या एकाच वेळी जेवायला बसलेल्या. त्याची फाइल कुठे आहे ते शोधलं आणि उघडली. पहिल्याच ओळीत इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं: जुनी मेल पण बघायची, कुणी वाचलेली असली तरी.

तो घंटेचा प्रोग्राम होता.

मी तो शेवटपर्यंत वाचला. दर मिनिटाला तो उठे आणि सर्व्हरवरची एकूण एक मेल उघडून बघे, पहिल्या दिवसापासूनची. पॅनलवरून आली आहे का, तिच्यात तो शब्द आहे का, आधी हिच्यावर घंटा वाजवली होती का. गेल्या मिनिटाला जिथवर आलो तिथून पुढे, असं त्याला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं ते कसंबसं मिनिटभरात उरकत होतं. हेड ऑफिसची मेल येऊन पडल्यावर एक फेरी संपायला तासाहून जास्त वेळ लागू लागला. आणि मिनिट झालं की दुसरा उठून पहिल्यापासून सुरू. मग तिसरा.

काकांनी मला एकदा सांगितलं होतं, जाळं कसं तपासतात ते. त्यांचे वडील डोल लावत, म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं. समुद्रावरून आलं की जाळं तोंडापासून शेपटापर्यंत हाताखालून काढायचं. मध्ये कुणी हाक मारली, उठावं लागलं, तर परत तोंडापासून. "मदनं बगितलेलं जालं न बगितल्यासारकंच, बाय. एक भोक ऱ्हायलं तरी मासा गेला." तो प्रोग्राम मी तेव्हा वाचायला हवा होता.

मॅनेजरांचा पुन्हा फोन आला. "काय सापडलं? काकांचं काही आहे का?"

"नाही सर," मी म्हटलं.

ज्या वेळापत्रकातून तो प्रोग्राम दर मिनिटाला उठे, त्यातली ती एक ओळ मी बंद केली आणि साठही प्रती थांबवल्या. दहा मिनिटांत पंखा शांत झाला. मेल धडाधड पोचू लागल्या. मॅनेजरांना कळवलं, लोड आपोआप उतरला. फोटो पाठवला नाही. वहीत लिहिलं: लोड वाढला होता. कमी झाला. "कोण खात होतं" या रकान्यात एक आडवी रेघ. "कुणामुळे" रिकामं. सही केली नाही.

घंटा आता वाजणार नाही, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खरं नाही. मी हिशेब केला की काका गुरुवारी येतील, दीड दिवसाचा प्रश्न आहे, आठ महिन्यांत ती तीनदाच तर वाजली. आणि एक डाळीसाठी.

बुधवारी साडेअकराच्या सुमारास जिन्यात पावलं वाजली, थांबत थांबत येणारी. लल्लनजी दारात आले. गळ्याला ओला रुमाल, डोळे लाल. त्यांनी आधी भिंतीवरच्या घंटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बेटी, घंटी नहीं बजी?"

मी उठून उभी राहिले.

"ड्रायर के पास बास आ रहा था. मेल डाला. इंटरकॉम तो मरा पड़ा है. सोचा अभी घंटी बजेगी, काका का कोई आएगा." त्यांना दम लागला होता. मी पाणी दिलं. ते भिंतीला टेकून प्यायले. "पच्चीस मिनट देखा. फिर खुद ही व्हॉल्व्ह बंद करके आया. गास्केट गया था."

"तुम्हाला काही..."

"कुछ नहीं हुआ. होता तो ऊपर चढ़ता क्या?" ते हसले, ते हसू खोकल्यात गेलं. मी कॉम्प्युटरवर पाहिलं. त्यांची मेल शिफ्ट इन्चार्जच्या खात्यात वेळेवर पोचलेली होती. इन्चार्ज मीटिंगमध्ये होता. मेल तशीच पडून होती, न उघडलेली.

जाताना लल्लनजी दारात वळले. "काका को मत बोलना. जत्रा छोड़ के दौड़ा आएगा, पागल आदमी."

ते गेल्यावर मी प्रोग्राम पुन्हा चालू केला. एक फेरी संपेपर्यंत दुसरी सुरू होणार नाही एवढी एक ओळ घातली, आणि दर मिनिटाला फक्त आजची मेल बघायची, जुनी रात्री एकदा, अशी दुसरी. फार तर पंधरा मिनिटांचं काम होतं. मंगळवारीही तेवढंच झालं असतं. फक्त ते करायचं तर काकांच्या प्रोग्राममध्ये चूक आहे हे कुठेतरी लिहावं लागलं असतं.

गुरुवारी काका आले. हातात जत्रेतल्या खाज्याचा पुडा. कपाटावर तळवा ठेवला, डोळे मिटले, उघडले. मग वही घेतली आणि सोमवारपासून वाचत आले.

"कमी झाला," त्यांनी माझी ओळ मोठ्याने वाचली. "कोनी केला?"

मी खाज्याच्या पुड्याची दोरी बघत होते.

"कोन खात हुतं, बाय?"

"तुमचा घंटेचा प्रोग्राम," मी म्हटलं.

ते खुर्चीत बसले. रागावले नाहीत. "सांग."

मी सांगितलं. साठ प्रती, दर मिनिटाची फेरी, हेड ऑफिसची मेल, मी ओळ बंद केली, लोड उतरला. मग मी पुन्हा चालू केला, दोन ओळी घालून. लल्लनजींचं काही बोलले नाही. एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मॅनेजर होते, निघालोय, अर्ध्या तासात पोचतो. काकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"हां. आता पयल्यापासून सांग."

मी पुन्हा सुरू केलं. पंखा, गरम कपाट, साठ प्रती. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना मला माझाच आवाज ऐकू येत होता, आणि कुठे उडी मारणार आहे ते आधीच दिसत होतं. तिथे आले आणि उडी मारता आली नाही. मी लल्लनजी म्हटलं. ओला रुमाल म्हटलं. पंचवीस मिनिटं म्हटलं.

काका उठले आणि खाली गेले. खिडकीतून दिसलं, ते अंगण ओलांडून प्लांटच्या गेटकडे जवळजवळ धावत चालले होते. वीस मिनिटांनी परत आले. "खोकतोय," ते म्हणाले. "पन बोलतोय. मलाच शिव्या देतोय." मग त्यांनी पेन उघडलं, माझी ओळ तशीच ठेवून तिच्याखाली लिहिलं: घंटेचा प्रोग्राम दर वेळी पहिल्यापासून वाचतो, म्हणून साठ प्रती जमल्या. कुणामुळे: तिथे स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सही. खाली दोन ओळी मोकळ्या सोडून रेघ मारली.

जिन्यात मॅनेजरांचे बूट वाजले.

"काका, वही मिटा," मी म्हटलं. इतक्या घाईने मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. "त्यांना हेच हवंय. तुम्हाला वापीला पाठवणार आहेत. जुनी मेल त्यांनीच तर आणून टाकली, त्याआधी सगळं नीट होतं."

"पानी त्यांचं, भोक माजं," काका म्हणाले आणि वही उघडी ठेवून दाराकडे वळवली. मग म्हणाले, "वापीचं मला म्हाईत हाय. फोटोचं पन."

मॅनेजरांनी उभ्या उभ्या ओळ वाचली. त्यांचा चेहरा थोडा पडला असं मला वाटलं, कदाचित इतकं सरळ हातात येईल असं त्यांना वाटलं नसावं. त्यांनी पानाचा फोटो काढला. "थँक यू, काका," ते म्हणाले. काकांनी त्यांना खाजा दिला.

दीड महिन्यात मेल बाहेरच्या सेवेवर गेली. कपाट रिकामं झालं. काकांची बदली झाली तेव्हा निरोपसमारंभ वगैरे काही नव्हता, फक्त लल्लनजी शिफ्ट सोडून वर आले आणि झाकणं परत देऊन गेले. खूप झाकणं साठली होती. काकांनी खोडरबर माझ्या टेबलावर ठेवलं. घंटा भिंतीवरच राहू दिली. नव्या सेवेवरची पॅनलची मेल आली की ती वाजेल अशी सोय मी केली होती, काकांनी सात शब्द घालून घंटा सातदा वाजवून पाहिली. मग वही दिली.

"तुज्याकडं ठेव. पन पयल्यापासून वाच," ते म्हणाले. "तू मदनं चालू केलंयस."

खरं होतं. मी आले त्या दिवसापासूनचीच पानं मी वाचली होती. त्या दुपारी खोलीत पंख्याचा आवाज नव्हता. मी पहिलं पान उघडलं. अक्षर काकांचंच, थोडं तरुण.

काय दिसलं: परचेसची फोटोवाली मेल रांगेत अडकली, तिच्यामागे पॅनलवरची लल्लनची मेल, वास येतोय म्हणून. कोण खात होतं: या रकान्यात आधी मशीनचं काहीतरी लिहून खोडलं होतं, आणि वर लिहिलं होतं, मी. मी जेवत होतो. रांग अडकलेली स्क्रीनवर दिसली. जेवून बघू म्हटलं. चाळीस मिनिटं. लल्लनचा आवाज गेला. कुणामुळे: पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सही.

म्हणजे वहीचा नियम इथून सुरू झाला होता. आणि रोजची अर्धी चटणीही.

मी वही पहिल्यापासून वाचत आले. क्लार्क, डायरेक्टर, आचारी. संध्याकाळची कंपनीची बस गेली, मी शेअर रिक्षाने जाईन म्हटलं. शेवटी त्या आठवड्याचं पान आलं. माझी बिनसहीची ओळ, तिच्याखाली काकांची, आणि काकांच्या ओळीखाली त्यांनी सोडलेल्या दोन मोकळ्या ओळी. तेव्हा मला वाटलं होतं, त्यांची लिहायची पद्धतच तशी असेल. मी मागची सगळी पानं पुन्हा चाळून पाहिली. कुठेही मोकळी ओळ सोडलेली नव्हती.

मी पेन घेतलं आणि मराठीत, सावकाश लिहायला लागले. घंटा मी बंद केली होती. ती वाजणार नाही हे मला माहीत होतं. लल्लनजींची मेल आली तेव्हा मी जागेवर होते. मग कुणामुळे, तिथे माझं नाव, वडिलांच्या नावासकट. दोन ओळी पुरल्या नाहीत. सही समासात करावी लागली.